सनावळ्या लक्षात राहत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सात-आठ महिने झाले, आधुनिक भारताच्या इतिहासातल्या तारखांचे तक्ते करून भिंतीला लावलेत, मोबाइलवर रोज क्विझ सोडवतो, तरी पेपरात १९०९ की १९१९, बार्डोली आधी की चौरीचौरा आधी, असं आलं की सगळं डोक्यात कालवलं जातं. 'कालक्रमानुसार लावा' हा प्रश्न तर हमखास चुकतो. काही ट्रिक आहे का? आणि नेमक्या किती तारखा पाठ केल्या म्हणजे पुरे?"

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बरीच वर्षं इतिहास शिकवतोय आणि हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

आधी हे सांगतो की उत्तर तुमच्या परीक्षेवर आणि हातात किती दिवस आहेत यावर अवलंबून आहे. तलाठी, पोलीस भरती अशा सरळसेवेच्या पेपरात अजूनही 'अमुक कधी झालं' असा एका ओळीचा प्रश्न पडतो, तिथे यादी पाठ असेल तर मार्क मिळून जातात, त्यात कमीपणा काही नाही. एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) कम्बाइन म्हणजे संयुक्त परीक्षेला किंवा राज्यसेवा पूर्वला मात्र चार घटना देऊन क्रम लावायला सांगतात नाहीतर दोन विधानं देऊन कुठलं बरोबर ते विचारतात, तिथे यादीवाला माणूस गडबडतो. राज्यसेवेची मुख्य तर आता वर्णनात्मक झाली, तिथे तारीख कुणी विचारणार नाही पण उत्तरात एखादा सन चुकीचा पडला तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की पोरगं वरवर वाचून आलंय. तुम्ही परीक्षेचं नाव दिलेलं नाही पण 'क्रम लावा' वर अडताय म्हणजे पूर्व परीक्षाच असणार असं धरून लिहितो.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम. तुम्ही म्हणताय लक्षात राहत नाही. पण तुमचीच उदाहरणं बघा ना, १९०९ लक्षात आहे, १९१९ पण लक्षात आहे, बार्डोली माहितीय, चौरीचौरा माहितीय. विसरलंय काहीच नाही. फक्त दोन्हीच्या मधे काय घडलं ते रिकामं आहे, त्यामुळे कुठला सन कुठल्या घटनेला चिकटवायचा हे ठरवायला आधारच नाही. तक्ता भिंतीवर अजून मोठा केला तरी हे सुटणार नाही, उलट अजून सन वाढतील आणि अजून कालवाकालव होईल.

मी वर्गात तारखांची यादी फळ्यावर लिहीतच नाही. एकेका तारखेला दोन प्रश्न विचारायचे, हे याच्या आधी का नाही झालं आणि याच्या नंतर का नाही झालं. यांचं उत्तर सापडलं की तारीख आपोआप मागच्या-पुढच्या तारखेला बांधली जाते. सगळ्याच तारखांना उत्तर सापडतं असं नाही, काही गोष्टी निव्वळ योगायोगाने त्या दिवशी झाल्या, पण परीक्षेत येणाऱ्या बहुतेक तारखांना सापडतं.

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक तुकडा सगळा उलगडून दाखवतो, १९१९ ते १९३१ चा, कारण प्रश्न सगळ्यात जास्त इथूनच पडतात.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्यातच लिहिलं होतं की दहा वर्षांनी एक कमिशन नेमून हा कारभार कसा चाललाय ते तपासायचं. म्हणजे कमिशन यायला पाहिजे १९२९ ला. पण सायमन कमिशन जाहीर झालं नोव्हेंबर १९२७ मधे. दोन वर्षं आधीच का? तर इंग्लंडमधे १९२९ पर्यंत निवडणूक होणार होती, मजूर पक्ष येईल अशी हुजूर पक्षाला धास्ती होती आणि भारतमंत्री बर्कनहेडला हे काम त्यांच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. (आणि १९२९ ला खरंच मजूर पक्ष आला.) बघा, एका कारणात १९१९, १९२७ आणि १९२९ तीन सन बसले, पाठ काहीच केलं नाही.

पुढे चला. ३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईला उतरलं, सातही सभासद इंग्रज, भारतीय एकही नाही, म्हणून गावोगाव हरताळ आणि काळे झेंडे. बर्कनहेडने वर डिवचलं होतं की तुम्हा लोकांना सगळ्यांना मान्य होईल अशी घटना करून दाखवा, त्यातून त्याच वर्षी ऑगस्टमधे नेहरू रिपोर्ट आला, हा मोतीलाल नेहरूंचा, जवाहरलालचा नव्हे, इथे दर वर्षी चार पोरं फसतात. ३० ऑक्टोबरला लाहोरला सायमनच्या निषेधाच्या मोर्च्यात लाला लजपतरायांवर लाठ्या पडल्या, १७ नोव्हेंबरला ते गेले, आणि बरोबर महिन्याने १७ डिसेंबरला भगतसिंग-राजगुरूंनी साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला उडवलं. आपला राजगुरू खेडचा, गावाला आता राजगुरूनगर म्हणतात. आता मला सांगा, 'सायमन कमिशनचं आगमन, साँडर्स वध, नेहरू रिपोर्ट, लालाजींचा मृत्यू' यांचा क्रम लावा म्हटलं तर तारीख कशाला लागते?

डिसेंबर १९२८, कलकत्ता काँग्रेस. नेहरू रिपोर्टात वसाहतीचं स्वराज्य मागितलेलं, सुभाषबाबू आणि जवाहरलाल म्हणतात पूर्ण स्वातंत्र्यच पाहिजे, बाप विरुद्ध पोरगा असाच सामना. गांधींनी तोडगा काढला, सरकारला एक वर्षाची मुदत द्या. कलकत्त्यापासून एक वर्ष मोजा, ३१ डिसेंबर १९२९. म्हणून लाहोरला रावीच्या काठावर झेंडा मध्यरात्री फडकवला, दुपारी नाही, संध्याकाळी नाही, मुदत मध्यरात्री संपत होती. मग ठरलं की देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घ्यायची, त्यासाठी जानेवारीतला शेवटचा रविवार धरला, तो पडला २६ तारखेला. म्हणून २६ जानेवारी १९३०. आणि संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेलं असूनही अंमलात आणायला दोन महिने थांबलो आपण, ते याच तारखेसाठी. एका रविवारामुळे प्रजासत्ताक दिन ठरला, मला हे दर वेळी शिकवताना मजा येते.

दांडीचं बघा. १२ मार्चला साबरमतीहून निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले, मीठ उचललं मात्र ६ तारखेला सकाळी. ६ च का? कारण १९१९ मधे रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ ६ एप्रिलला झाला होता आणि आठवड्याने १३ एप्रिलला जालियनवाला. त्या ६ ते १३ एप्रिलला काँग्रेसवाले राष्ट्रीय सप्ताह म्हणायचे, दर वर्षी पाळायचे. म्हणजे दांडीची तारीख आली की तिला धरून रौलट आणि जालियनवाला पण आले, अकरा वर्षांचं अंतर ठेवून. आणि अजून एक, गांधींनी व्हाइसरॉय आयर्विनला निर्वाणीचं पत्र लिहिलं २ मार्च १९३० ला, त्याच दिवशी नाशिकला बाबासाहेबांचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. हा योगायोग आहे, कारण बिरण काही नाही, पण 'पुढीलपैकी आधी काय' ला उपयोगी पडतो.

मिठानंतर महाराष्ट्रात काय? शिरोड्याला मीठ, वडाळ्याला मीठ, ठीक आहे, पण घाटावर समुद्र कुठून आणणार? आणि जूनमधे पाऊस लागला की मिठागरं तशीही बंद. मग लोकांनी जंगलचे कायदे मोडायला घेतले, पुसद, बिळाशी, आणि सप्टेंबरात उरणजवळ चिरनेर, तिथे गोळीबारात माणसं गेली. 'शिरोडा आधी की चिरनेर आधी' विचारलं तर पाऊस आठवा, झालं. सोलापूरचं पण तसंच, मे १९३० च्या सुरुवातीला गांधींना अटक झाली, बातमी आल्यावर सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, मग खटला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी. अटक मे, फाशी जानेवारी, मधे खटला आणि अपील, एवढा वेळ लागणारच ना.

आणि मग १९३१ चा मार्च, एकाच महिन्यात सगळं. ५ ला गांधी-आयर्विन करार, २३ ला भगतसिंग, राजगुरू, सुखदेवना फाशी, आणि महिनाअखेरीस कराची काँग्रेस. कराचीला तरुणांनी गांधींना काळी फुलं का दिली हे या क्रमातच कळतं, करार आधी झाला आणि फाशी टळली नाही. क्रम उलटा केला तर त्या रागाला अर्थच राहत नाही.

बारा वर्षांचा तुकडा झाला, आणि बघा तुम्ही एकही तक्ता वापरला नाही.

तुमच्या १९०९-१९१९ ला येतो. याला मी टिळकांना धरतो, कारण टिळक आपल्या मुलांना पाठ असतात. १९०७ डिसेंबरला सुरतेला काँग्रेस फुटली. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब पडला, त्यावर केसरीत अग्रलेख, जूनमधे टिळकांना अटक, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस असा हिशोब. सहा वर्षं मंडाले म्हणजे १९१४ च्या मध्यापर्यंत टिळक चित्रातच नाहीत. त्या मधे काय काय येतं? १९०९ चा मोर्ले-मिंटो कायदा येतो, त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध येतो, १९११ चा दिल्ली दरबार येतो. म्हणून १९०९ म्हणजे टिळक मंडालेत आणि गांधी आफ्रिकेत. १९१९ ला टिळक विलायतेला चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी गेलेले, आणि गांधी इथे रौलटविरुद्ध रान उठवतायत. दोन्ही कायद्यांच्या वेळी ही दोन माणसं कुठे होती एवढं धरलं की गोंधळ संपला.

कायद्यातलं काय कुठलं, हेही कारणावरून. १९०६ ला मुस्लिम शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोला भेटलं, वर्षाअखेर ढाक्याला मुस्लिम लीग निघाली, म्हणून १९०९ ला मुसलमानांना वेगळे मतदारसंघ. महायुद्धात भारतीय शिपाई मरत होते, इकडे होमरूलचं वारं, म्हणून २० ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यूची घोषणा की टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ, आणि त्यातून १९१९ ची प्रांतांतली द्विदल राज्यपद्धती (काही खाती भारतीय मंत्र्यांकडे, काही गव्हर्नरकडे). १९३५ ला ती प्रांतांतून काढली आणि केंद्रात आणायची ठरवली, जी कधी आलीच नाही.

काँग्रेस-मुस्लिम लीगचा लखनौ करार १९१६ लाच का, हे पण विचारून बघा. १९१५ ला गोखले गेले फेब्रुवारीत, फेरोजशहा मेहता गेले नोव्हेंबरात, टिळकांना आत येऊ न देणारी दारं उघडली, पुढच्याच वर्षी लखनौला टिळक काँग्रेसमधे परत. गांधी आफ्रिकेतून आले तेही जानेवारी १९१५. एवढंच, या तुकड्यावर जास्त लिहीत नाही.

आता दुसरी भानगड, आणि माझ्या मते निम्मे मार्क इथे जातात. एकाच घटनेच्या अनेक तारखा असतात. लग्नाचं कसं, सुपारी फुटली कधी, साखरपुडा कधी, अक्षता कधी, तिन्ही तारखा खऱ्याच असतात पण 'लग्न कधी झालं' याचं उत्तर एकच. तसं बंगालची फाळणी जाहीर झाली जुलै १९०५ ला, बहिष्काराचा ठराव कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधे ७ ऑगस्टला (हातमाग दिन ७ ऑगस्टला असतो तो यावरूनच), फाळणी अंमलात आली १६ ऑक्टोबरला, आणि रद्द झाली १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात. प्रश्नात 'जाहीर' आहे की 'अंमलात' आहे ते वाचायचं, पोरं नुसतं 'बंगालची फाळणी' एवढंच वाचतात आणि दिसेल त्या ऑप्शनवर गोळा काळा करतात.

असहकाराचंही असंच. चळवळ सुरू झाली १ ऑगस्ट १९२० ला, त्याच पहाटे मुंबईत सरदारगृहात टिळक गेले, त्यामुळे ही तारीख मराठी माणूस विसरूच शकत नाही. काँग्रेसने मंजूर केली सप्टेंबरच्या कलकत्त्याच्या जादा अधिवेशनात, पक्कं शिक्कामोर्तब डिसेंबरला नागपूरला. 'छोडो भारत'चा ठराव ८ ऑगस्ट १९४२ ला रात्री गवालिया टँकवर झाला, धरपकड ९ ला पहाटे, म्हणून क्रांतिदिन ९ ऑगस्ट. आणि स्वातंत्र्याचं तर बघाच, ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटलींनी २० फेब्रुवारी १९४७ ला सांगितलं जून १९४८ पर्यंत जाऊ, माउंटबॅटनने ३ जूनला योजना आणली, १८ जुलैला कायद्यावर राजाची सही झाली, १५ ऑगस्टला सत्ता हातात आली, आणि रॅडक्लिफची सीमारेषा लोकांना कळली १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य आल्यावर दोन दिवस सरहद्दीवरच्या लोकांना आपण कुठल्या देशात ते माहीत नव्हतं. हे एक वाक्य मनात बसलं तर १७ ऑगस्ट विसरून दाखवा.

यातच आपली मंडळी अजून एक चूक करतात, स्वातंत्र्य सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं असं धरतात. मराठवाड्यातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन असतं. हैदराबादने भारताशी 'जैसे थे' करार केला २९ नोव्हेंबर १९४७ ला, एका वर्षासाठी, त्या वर्षात रझाकारांनी उच्छाद मांडला, १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत गेली, १७ ला निजाम शरण. गोव्याचं अजून तेरा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१. त्यामुळे 'कालक्रम लावा' मधे गोवा आला आणि सोबत महाराष्ट्राची स्थापना असेल तर महाराष्ट्र आधी, १ मे १९६०. हे ऐकून दर बॅचला निम्मा वर्ग चमकतो.

महाराष्ट्रावर आलोच आहोत तर हाही तुकडा बघा, कारण यात तारखा एकीतून एक निघतात. पोट्टी श्रीरामुलू आंध्र राज्यासाठी उपोषण करता करता १५ डिसेंबर १९५२ ला गेले, दंगली झाल्या, चारच दिवसांत नेहरूंनी आंध्र देऊ केलं, १ ऑक्टोबर १९५३ ला ते झालं. आता एकाला दिलं म्हटल्यावर सगळे मागणार, म्हणून डिसेंबर १९५३ ला फाजल अली आयोग, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोग. आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात, त्यात मुंबईसह महाराष्ट्र नाही, म्हणून नोव्हेंबर १९५५ पासून मुंबईत मोर्चे आणि गोळीबार. जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करणार म्हटल्यावर भडका, फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती, केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचा राजीनामाही त्याच वर्षी. १ नोव्हेंबर १९५६ ला देशात नवी राज्यं झाली, आपल्या पदरात पडलं गुजरातसकट द्वैभाषिक मुंबई. म्हणून कर्नाटक राज्योत्सव १ नोव्हेंबरला, आणि त्याच दिवशी बेळगावात मराठी लोक काळा दिन पाळतात. मग १९५७ च्या निवडणुकीत समितीने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात झोपवलं, ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंसमोर निदर्शनं झाली, आणि अखेर १ मे १९६०. आता 'आंध्र, फाजल अली, द्वैभाषिक, प्रतापगड' यांचा क्रम चुकवायचा म्हटलं तरी चुकणार नाही.

एक छोटी गोष्ट, जी नोट्समधे क्वचित असते. काँग्रेसची सुरुवातीची अधिवेशनं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हायची, कारण जमणारे बरेचसे वकील आणि नाताळात कोर्टं बंद. पहिलं १८८५ चं पण २८ डिसेंबरलाच, पुण्याला ठरलेलं, पुण्यात कॉलरा निघाला म्हणून मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत नेलं. सुरत, लखनौ, नागपूर, बेळगाव, कलकत्ता, लाहोर सगळी डिसेंबर. महिना वेगळा दिसला की समजायचं की जादा अधिवेशन आहे (सप्टेंबर १९२० कलकत्ता) किंवा काहीतरी बदललंय, उदाहरणार्थ लाहोरलाच ठरलं की पुढची अधिवेशनं फेब्रुवारी-मार्चला घ्यायची, म्हणून कराची मार्चला. तीसनंतर हा नियम धरू नका, फैजपूर डिसेंबर १९३६ ला आहे पण हरिपुरा, त्रिपुरी, रामगढ फेब्रुवारी-मार्चला आहेत.

तुमची बार्डोली. चूक तुमची एकट्याची नाही, बार्डोली दोनदा येते. फेब्रुवारी १९२२ ला गांधी बार्डोलीत करबंदी सुरू करणारच होते तेवढ्यात चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं जाळलं, बावीस पोलीस गेले, आणि १२ फेब्रुवारीला बार्डोलीतच बैठक घेऊन असहकार मागे घेतला. म्हणजे चौरीचौरा आधी, बार्डोलीचा ठराव नंतर. वल्लभभाईंचा शेतसाऱ्याचा बार्डोली सत्याग्रह वेगळा, तो १९२८ चा. प्रश्नात 'ठराव' की 'सत्याग्रह' एवढंच बघायचं. चौरीचौऱ्याची तारीख काही पुस्तकांत ४ फेब्रुवारी आहे, काहींत ५, अशा ठिकाणी वाद घालत बसू नका, दोन्ही ऑप्शन एकत्र सहसा देत नाहीत, आणि दिलेच तर आयोगाच्या जुन्या आन्सर कीमधे काय धरलंय ते बघायचं, प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे अभ्यासापेक्षा की महत्त्वाची.

किती तारखा पाठ करायच्या, या प्रश्नाला माझं उत्तर, अगदी खुंट्यासारख्या पक्क्या अशा पंचवीस-तीस. १८५७, १८८५, १९०५, १९०९, १९१६, १९१९, १९२०, १९२२, २७ ते ३१ मधले वर आलेले सन, १९३२ चा पुणे करार (२४ सप्टेंबर, येरवडा), १९३५, १९३७, १९४२, ४६-४७, आणि महाराष्ट्राचे ४८, ५६, ६०, ६१. समाजसुधारणेतले बाबासाहेबांचे महाड (चवदार तळं) २० मार्च १९२७, येवला (धर्मांतराची घोषणा) १९३५, नागपूर (बौद्ध धम्मदीक्षा) १४ ऑक्टोबर १९५६ हे पण यात धरा, पेपरात येतातच. यांच्यात दिवस-महिना पण पाहिजे असं नाही, सन पुरेसा. बाकी सगळं या खुंट्यांच्या मधे कारणाने अडकवायचं.

सराव कसा करायचा तेही सांगतो. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक घटना, सन लिहायचा नाही. दहा-बारा चिठ्ठ्या पिसा आणि जमिनीवर क्रमाने मांडा, आणि दोन चिठ्ठ्यांच्या मधे मोठ्याने एक वाक्य बोला, 'म्हणून' असं किंवा 'तेवढ्यात' असं. सायमन आला, म्हणून लालाजी मोर्च्यात, म्हणून साँडर्स. जिथे वाक्य सुचत नाही तिथे तुमचं वाचन कच्चं आहे, पुस्तकाचं तेवढंच पान उघडायचं, अख्खं प्रकरण नाही. रूमवर दोघं-तिघं असाल तर एकाने मांडायचं, दुसऱ्याने खोडी काढून एक चिठ्ठी हळूच हलवायची, ओळखता आलं पाहिजे. क्विझ ॲप बंद करा असं म्हणत नाही, पण ॲप तुम्हाला चूक-बरोबर सांगतं, का ते सांगत नाही, त्यामुळे ते शेवटच्या टप्प्यात ठीक.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर मात्र हे सगळं नव्याने सुरू करू नका. तेव्हा मागच्या काही वर्षांचे पेपर काढा, त्यातले कालक्रमाचे प्रश्न तेवढे वेगळे करा, त्यातल्या चुकलेल्या घटनांच्याच चिठ्ठ्या करा. तक्ते भिंतीवर राहू देत.

एक तुकडा मी मुद्दाम सोडलाय, १९३९ ते १९४२. सहा चिठ्ठ्या देतो: क्रिप्स मिशन, प्रांतिक मंत्रिमंडळांचे राजीनामे, विनोबांचा पवनारचा वैयक्तिक सत्याग्रह, मुस्लिम लीगचा लाहोर ठराव, ऑगस्ट ऑफर, छोडो भारत. पुस्तक न उघडता क्रम लावा आणि प्रत्येक दोहोंच्या मधे का ते एका ओळीत लिहून इथे खाली टाका, मी रात्री क्लास संपला की बघतो.